चिंचोके

शेवटचा दिवस, जानेवारीतली दुपार.
भिंतीपलीकडे ओहोटी लागलेली,
झेंडे बत्तीस देशांचे, आणि एकालाही वारा नाही.
ऐंशीच्या वरच्या पुरुषांची पाच हजार मीटर.
धावणारे सात
आणि टेबलामागे, छत्रीखाली आम्ही चौघी,
निरनिराळ्या शाळांतून उसन्या आणलेल्या पीटीच्या बाई.

माझ्याकडे दोन नंबर.
त्रेचाळीस : हरेश्वर नाखवा, माहुल कोळीवाडा.
अठ्ठेचाळीस : एस्टोनियाचे ओट्टो कुणीतरी,
आडनाव मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही.
समोरून गेले की एक रेघ.
साडेबारा फेऱ्या.
याहून सोपं काम त्या मैदानात कुणाकडेच नव्हतं.

दोघांच्या डोक्यावर आयोजकांनी वाटलेली
तीच पांढरी टोपी. हे कारण म्हणून सांगत नाही.
(सांगतेच आहे.)

नाखवा डावी मूठ मिटून धावायचे.
मला वाटलं, हात अधू असेल.

मग ते रेषेवर थांबले.
मान वळवून माझ्याकडे पाहिलं,
आणि मूठ उघडून तळवा पुढे धरला.
रिकामा.
मी समजले, पाणी मागताहेत.
मान हलवली, एक बोट वर केलं :
एक बाकी, काका, एक बाकी!
आणि घंटा वाजवली, जोरात,
ऐकू कमी येत असेल म्हणून.

ते गेले.
त्याच चालीने, मूठ आता उघडी.
सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं
शेवटच्या माणसासाठी वाजवतात तशा.
मीही वाजवल्या.

हरकतीला अर्धा तास असतो.
विसाव्या मिनिटाला कागद उतरवून काढताना दिसली
अठ्ठेचाळीसच्या ओळीत एक रेघ,
दोन रेघांच्या मध्ये अंग चोरून उभी.
तिकडे ओट्टोंच्या गळ्यात कांस्य पडलं होतं
आणि ते त्याच टोपीने डोळे पुसत होते.
एक फेरी कमी धावलेला माणूस,
त्यालाही ठाऊक नव्हतं.

दहा मिनिटं होती माझ्याकडे.
मी स्वच्छ प्रत केली.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

नाखवा आले टेबलाशी, घामाने निथळत.
"बाय, चाय भेटंल का?"
माझा कप दिला त्यांना.
दोन्ही हातांनी धरून प्यायले,
म्हणाले, "आज जरा लांब झालं."
बस. एवढंच.

संध्याकाळी पहिली लेन झाडताना
सखाहरी ओंजळ घेऊन आला :
"ताई, इथं चिंचा कोण खाऊन गेलं?"
चिंचोके. रेषेपाशी पडलेले,
घासून गुळगुळीत झालेले,
पटावर वर्षानुवर्षं फिरल्यासारखे.
तेव्हा कळला तो तळवा.
पाणी नव्हते मागत.
हिशोब दाखवत होते.

अकरा वर्षं झाली.
शिट्टीच्या जुन्या डबीत आहेत ते.
कधीतरी ओतते ताटलीत, मोजते.
अकरा.
बारा हवेत.

कावळ्याने नेला असेल एक.
कुणाच्या बुटाच्या खिळ्यांत अडकून
थेट एस्टोनियाला गेला असेल.
किंवा घरून निघतानाच त्यांनी
अकरा उचलले असतील, म्हातारपणी होतं असं,
आणि मग घंटा माझी बरोबर,
आणि ती रेघ, ती रेघ…

नाखवा असतील तर त्र्याण्णवचे असतील आता.
माहुलला माझ्या घरून एकच बस जाते.
नंबर पाठ आहे.
थांब्यावर जाऊन उभीही राहिले आहे दोनदा,
डबी पर्समध्ये घेऊन.

पण तिथे जाऊन विचारलं
आणि ते म्हणाले, "बाराच व्हते, बाय",
तर?